‘डेल्को’चा जनक आणि पेट्रोलमधले शिसे

दिघी, भोसरी, चाकण या पट्ट्यात आज तयार होणाऱ्या गाड्यांमध्ये ठिणगी केव्हा पडावी हे संगणक ठरवतो. पण याच भागात जुनी फियाट किंवा ॲम्बेसिडर जिवापाड सांभाळणारे हौशी लोकही आहेत. पावसाळ्यातल्या एखाद्या दमट सकाळी अशी गाडी सुरू होत नाही, तेव्हा संगणकाचा उपयोग नसतो. मग जुन्या हाताचा मेकॅनिक बोलावला जातो. तो बॉनेट उघडतो आणि आधी ‘करंट’ येतो का ते बघतो. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढतो. काही जुने मेकॅनिक या डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. फ्रान्स आणि स्पेनमध्येही त्याला हेच नाव पडले आहे. मुळात डेल्को हे अमेरिकेतल्या एका कंपनीचे नाव. ती कंपनी काढणारे आणि मोटारीच्या ठिणगीची आजवर ओळखली जाणारी पद्धत घडवणारे इंजिनिअर म्हणजे चार्ल्स केटरिंग.

मोटारीच्या इतिहासात केटरिंग यांचे नाव मानाने घेतले जाते. आरोग्याच्या इतिहासात मात्र ते दोन ठिकाणी येते आणि ती दोन ठिकाणे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. कॅन्सरवरच्या जगप्रसिद्ध संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. आणि ज्या विषारी शिशाने जगभरातल्या मुलांच्या रक्तात वाट काढली, ते पेट्रोलमध्ये आणणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुखही तेच होते.

डोळे अधू, हात सरावलेले

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. लहानपणापासून त्यांची नजर अधू होती. वाचन केले की डोके दुखायचे. शिक्षण संपवून त्यांनी काही काळ खेड्यातल्या शाळेत शिकवले आणि मग ओहायो स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. डोळ्यांनी दगा दिल्यामुळे शिक्षण मध्येच सोडावे लागले.

त्या काळात ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागले. खांब रोवायचे, तारा ओढायच्या आणि लाइन बंद पडली की बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचे, असे ते काम होते. मैलोन्‌मैल पसरलेल्या लाइनवर सगळी तार तपासत बसता येत नाही. मधल्या एखाद्या ठिकाणी तपासायचे, दोष अलीकडे आहे की पलीकडे ते ठरवायचे आणि उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे करायचे. उघड्यावरच्या या कामात डोळ्यांनाही आराम मिळाला. ते पुन्हा विद्यापीठात गेले, सहाध्यायांकडून पाठ वाचून घेतले आणि १९०४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातले गल्ले बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागली. तोवर गल्ल्याचा दांडा हाताने फिरवावा लागत असे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. दिवसभर चालणाऱ्या मोटरला दमसास लागतो. गल्ल्याची मोटर मात्र क्षणभरच जोर लावते आणि मग थंड होते, त्यामुळे छोट्या मोटरकडूनही त्या एका क्षणापुरते भरपूर काम काढून घेता येते, हे त्यांच्या लक्षात आले. ही गोष्ट पुढे मोटारीला कामी आली.

गोठ्यातला कारखाना

त्या काळच्या मोटारींमध्ये ठिणगी हे मोठे दुखणे होते. काही गाड्यांत थरथरणारी कॉइल असे. ती एका स्फोटासाठी ठिणग्यांची सरच सोडायची आणि कोरड्या बॅटऱ्या लवकर संपवायची. मॅग्नेटो लावलेल्या गाड्यांना बॅटरी लागत नसे, पण इंजिन हळू फिरताना, म्हणजे नेमके सुरू करतेवेळी, ठिणगी अशक्त पडे.

केटरिंग आणि त्यांचे सहकारी एडवर्ड डीड्स यांनी डीड्स यांच्या घरामागच्या गोठ्यात संध्याकाळच्या वेळी काम सुरू केले. योग्य क्षणी एकच, पण दमदार ठिणगी पाडणारी रचना त्यांना हवी होती. ती जमली आणि कॅडिलॅक कंपनीने हजारो संचांची मागणी नोंदवली. १९०९ मध्ये दोघांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव पडले. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ही ठिणगी बसली.

पुढचे काम सेल्फचे. त्या वेळी गाडी सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ठिणगी जरा लवकर पडली की हँडल उलटे फिरायचे आणि मनगटावर आदळायचे. अंगठ्याच्या बाजूचे मनगटाचे हाड मोडण्याच्या या दुखापतीला अस्थिरोग तज्ज्ञ अजूनही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे गाडी चालवणाऱ्याचे फ्रॅक्चर, असेच म्हणतात. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल, ती गाडीत मावणार नाही, असा तेव्हा समज होता. केटरिंग यांना गल्ल्याची मोटर आठवत होती. इंजिन सुरू करायला जोर लागतो, पण तो काही सेकंदांपुरताच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ, दिवे आणि ठिणगी हे तिन्ही एकाच बॅटरीवर आले आणि ती बॅटरी चार्ज करायला जनरेटर लागला. हँडल मारण्याइतका जोर नसलेल्या लोकांनाही आता गाडी एकट्याने सुरू करता येऊ लागली.

बारा व्होल्टची वीज, हजारोंची ठिणगी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीपर्यंत ही रचना तत्त्वतः तशीच राहिली. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की हा प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेटोळ्यांत १५-२० हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होतो. रोटर तो दाब ज्या सिलिंडरची पाळी आहे त्याच्या प्लगकडे पाठवतो. कंडेन्सर पॉइंटवर जाळ होऊ देत नाही आणि प्रवाह झटक्यात तोडायला मदत करतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सगळे सेकंदाला १०० वेळा घडते.

अशा गाडीतला दोष शोधायची रीत टेलिफोनच्या तारेसारखीच आहे. आधी बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट आहेत का ते पाहायचे. मग कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात मधोमध जाणारी जाड वायर काढायची, इन्सुलेशन असलेल्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचे आणि सेल्फ मारायचा. हे करताना टोक कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या वासापासून लांब हवे. निळसर, कडक ठिणगी पडली तर बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ही अर्धी बाजू ठीक आहे. दोष पुढे, म्हणजे रोटर, झाकण, वायरी किंवा प्लगमध्ये आहे. पावसाळ्यात झाकणाच्या आत ओल धरते किंवा बारीक तड्यातून करंट भलतीकडे जातो. तिथे कोरडे फडके मारूनही काम भागते.

ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल किंवा पडतच नसेल, तर मागे यायचे. कॉइलला १२ व्होल्ट मिळतात का? पॉइंट जळून खड्डे पडले आहेत का? त्यांच्यातले अंतर बरोबर आहे का? बहुतेक जुन्या गाड्यांत ते ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. नवे पॉइंट काही दिवसांतच काळे पडत असतील तर संशय कंडेन्सरवर घ्यायचा. एका वेळी एकच भाग बदलायचा, नाहीतर गाडी कशाने सुरू झाली ते कळत नाही. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी चालू इंजिनच्या कॉइल आणि वायरींपासून लांबच राहावे.

ठिणगीवर आलेला आळ

डेल्कोचा खप वाढला तशी एक तक्रारही वाढली. चढावर किंवा जोर लावताना इंजिनमधून हातोडी मारल्यासारखा आवाज येई. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. दोष केटरिंग यांच्या बॅटरीवाल्या ठिणगीचा आहे, असे टीकाकार म्हणू लागले. ठिणगी वेळेआधी पडली तरी गाडी नॉक करते, त्यामुळे संशय अगदीच अनाठायी नव्हता. डेल्को कंपनी शेतघरांसाठी रॉकेलवर चालणारे विजेचे जनरेटरही विकत असे, तेही नॉक करत.

केटरिंग यांनी १९१६ मध्ये थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला या शोधावर लावले. ठिणगी योग्य वेळी पडूनही नॉकिंग होते, हे प्रयोगांतून दिसले. ठिणगीपासून दूर असलेले, दाबले गेलेले इंधन ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटत होते. म्हणजे दोष इंधनात होता. इंधन लाल रंगाचे असेल तर ते उष्णता लवकर शोषेल, अशी एक भाबडी कल्पना निघाली. लाल रंगासाठी त्यांनी इंधनात आयोडीन घातले आणि नॉकिंग खरोखर कमी झाले. दुसऱ्या लाल रंगांनी मात्र काहीच फरक पडला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या तर्कातून बरोबर वाट सापडली होती.

मग एकामागून एक रसायने तपासली गेली. दरम्यान डेल्को जनरल मोटर्समध्ये सामील झाली आणि १९२० पासून केटरिंग त्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात घातले गेले आणि नॉकिंग थांबले. एका गॅलनला जेमतेम ३ घनसेंटिमीटर पुरत होते. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होते, हे दोघांना ठाऊक होते. पण अल्कोहोल बरेच जास्त मिसळावे लागे आणि कोणालाही बनवता येई. शिशाच्या मिश्रणावर पेटंटचे हक्क मिळत होते, याकडे इतिहासकार लक्ष वेधतात.

न तपासलेला दोष

शिसे विषारी आहे, हे तेव्हा नवे नव्हते. रंगकामगार आणि छापखान्यातले जुळारी यांच्यात शिशाची विषबाधा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची होती. टेट्राएथिल लेड तर कातडीतून आणि श्वासातून सहज शरीरात शिरते आणि थेट मेंदूवर परिणाम करते. खुद्द मिजली यांना १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली आणि त्यांना विश्रांतीसाठी जावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटनमध्ये हे पेट्रोल विक्रीला आले. त्याचे नाव ‘एथिल’ ठेवले गेले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

१९२४ मध्ये एथिल कंपनी स्थापन झाली आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्यातले पाच जण मरण पावले आणि तीसहून अधिक आजारी पडले. इतर कारखान्यांतही मृत्यू झाले. मे १९२५ मध्ये विक्री थांबवून अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली. तिथे केटरिंग यांनी उद्योगाची बाजू मांडली. औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी धुरातून सगळीकडे पसरणाऱ्या शिशाचा धोका सांगितला. तज्ज्ञ समितीने थोड्या महिन्यांचा अभ्यास केला. बंदी घालण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष १९२६ च्या जानेवारीत आला आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

केटरिंग यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी त्रुटी इथे दिसते. इंजिनाचा आवाज कशामुळे येतो हे शोधायला त्यांनी पाच वर्षे घालवली. पण इंजिनमधून बाहेर पडणारे शिसे माणसाच्या शरीरात किती साठते, हे शोधायला तेवढा धीर कोणी दाखवला नाही. इंजिन आणि प्लगवर शिशाचा थर साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग घातले जाई. त्यामुळे इंजिन स्वच्छ राही आणि बरेचसे शिसे सायलेन्सरवाटे रस्त्यावर जाई.

पुढची कित्येक वर्षे या विषयावरचे संशोधन मुख्यतः उद्योगाच्या पैशातून झाले. सिनसिनाटी विद्यापीठात त्यासाठी १९३० मध्ये उभी राहिलेली प्रयोगशाळा केटरिंग यांच्याच नावाची होती. तिचे प्रमुख डॉ. रॉबर्ट किहो यांचे म्हणणे असे, की शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिक आहे आणि ठरावीक पातळीखाली ते निरुपद्रवी असते.

कॅन्सर, ताप आणि गवताचा हिरवेपणा

दुसरीकडे केटरिंग यांचे वैद्यकावरचे प्रेम खरे होते. प्रतिजैविके येण्यापूर्वी सिफिलिसच्या रुग्णांना कृत्रिम ताप आणून उपचार करत. १९३० च्या दशकात त्यासाठी गरम, दमट हवेची पेटी बनवण्यात केटरिंग यांनी डेटनमधल्या डॉक्टरांना साथ दिली. पेनिसिलिन आल्यावर ती मागे पडली. सूर्यप्रकाशापासून वनस्पती अन्न कशा बनवतात, या मूलभूत प्रश्नावरच्या संशोधनाला त्यांच्या प्रतिष्ठानने पैसा पुरवला. १९४५ मध्ये जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांच्या देणगीतून न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत केटरिंग यांनी पुढाकार घेतला. स्लोन-केटरिंग हे तिचे नाव आज जगभरातल्या कॅन्सर तज्ज्ञांना परिचित आहे.

१९४७ मध्ये ते जनरल मोटर्समधून निवृत्त झाले आणि २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, डेटनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा शिसेयुक्त पेट्रोल जगभर विकले जात होते.

उशिरा सापडलेला पुरावा

पुढच्या सात वर्षांत चित्र पालटू लागले. पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांच्या नमुन्यांत सतत बाहेरचे शिसे मिसळत होते. त्याचा माग काढत त्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की आधुनिक माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या अनेक पट आहे. १९७९ मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमत्ता चाचणीतली कामगिरी आणि वर्गातले लक्ष कमी होते. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे घटत गेले, तसे लोकांच्या रक्तातलेही घटले.

भारतात चार महानगरांमध्ये १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबले. लहान पिस्टन विमानांच्या इंधनात शिसे अजूनही आहे. आणि केटरिंग-मिजली यांना ठाऊक असलेले अल्कोहोल आज इथेनॉलच्या रूपाने आपल्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. जुन्या गाडीत त्याने रबरी नळ्या आणि सील फुगतात किंवा ठिसूळ होतात, त्यामुळे त्या वेळच्या वेळी बदलाव्यात.

बॅटरीतले शिसे अजून आहे

पेट्रोलमधले शिसे गेले, पण केटरिंग यांनी गाडीत कायमची बसवलेली शिशाची बॅटरी अजून आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवणे हा आज विषबाधेचा एक मोठा मार्ग आहे. जगात दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाची चिंताजनक पातळी असल्याचा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये मांडला होता. पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते. ते हाडांत साठते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्यापेक्षा नवी घेताना विक्रेत्याकडेच परत करावी. टर्मिनलवरची पांढरट-हिरवी बुरशी ओल्या फडक्याने आणि हातमोजे घालून पुसावी, कोरडी घासू नये. पेट्रोलने हात धुणे आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे या गॅरेजमधल्या जुन्या सवयी सोडाव्यात. शिसे नसले तरी पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि ते फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. गाडीचे काम केल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत. बॅटरीच्या कामात रोज असणाऱ्यांना सतत पोटदुखी, थकवा, चिडचिड किंवा रक्तक्षय जाणवत असेल, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. व्यवसाय कळला नाही, तर ही तपासणी डॉक्टरांना सुचेलच असे नाही.